आक्का, पोरीला गणित करू दे

वॉटर्लू, कॅनडा

ती. सौ. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बीएस्सी झाल्यावर पोरीनं बीएड करावं की बँकेच्या परीक्षा द्याव्यात, यावर गडहिंग्लजला तुझं आणि दाजींचं बोलणं चाललंय, आणि ती बेळगावात आजीजवळ राहून एमएस्सी गणिताचाच हट्ट धरून बसलीय. तू विचारलंयस, गणितात संशोधन करणारं माणूस दिवसभर करतं तरी काय? मला इथं येऊन इतकी वर्षं झाली, पण हे मी कधी नीट सांगितलंच नाही. आज सांगतो.

समज, आपल्या रानात उसाच्या चार जाती लावून बघायच्यात. रानाची एक कड ओलसर, दुसरी मुरमाड. मग चार बाय चार असे सोळा तुकडे पाडायचे आणि प्रत्येक जात आडव्या ओळीत एकदाच, उभ्या ओळीतही एकदाच येईल अशी लावायची. जमिनीचा गुणदोष सगळ्या जातींच्या वाट्याला सारखा येतो. याला लॅटिन चौरस म्हणतात. आता त्याच तुकड्यांवर चार खतं त्याच नियमानं टाकायची, आणि प्रत्येक जातीला प्रत्येक खत बरोबर एकदाच मिळायला पाहिजे. चारला हे जमतं, सहाला जमत नाही. ऑयलर या जुन्या काळातल्या मोठ्या गणितज्ञानं १७८२ मध्ये अंदाज बांधला की सहा, दहा, चौदा, अठरा, अशा कुठल्याच संख्येला ते जमणार नाही. पावणेदोनशे वर्षं तो अंदाज तसाच राहिला. १९५९ मध्ये राज चंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तीन गणितज्ञांनी तो खोटा ठरवला: दहाला जमतं, चौदाला जमतं, दोन आणि सहा सोडले तर सगळ्यांना जमतं. न्यूयॉर्क टाइम्सनं ती बातमी पहिल्या पानावर छापली.

माझं काम गणिताच्या याच शाखेतलं. पण या गोष्टीतला मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग वेगळाच आहे. श्रीखंडे नागपूरला शिकले, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात बोसांकडेच पीएचडी केली, आणि पुढं आपल्या गुरूबरोबर तो प्रश्न सोडवला. नंतर मुंबई विद्यापीठात गणिताचा विभाग त्यांनी उभा केला. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांचंही तसंच. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक, बीजभूमितीत जगभर नाव, आणि तरी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था काढली. ही माणसं नुसती प्रमेयं मांडून थांबली नाहीत.

मलाही असंच कुणीतरी धरून वर काढलं. मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे दहावी, करून पीयूसीला, म्हणजे अकरावीला, बेळगावात आलो तेव्हा इंग्रजीतलं गणित डोक्यावरून जायचं, तुला आठवत असेल. कॉलेजातले एक सर रविवारी सकाळी टिळकवाडीत आपल्या घरी बसवायचे. फी नाही, गाइड नाही. एक प्रश्न द्यायचे आणि गप्प बसायचे. अडलो की पुढची पायरी सांगायच्या ऐवजी विचारायचे, 'लहान आकडा घेऊन बघितलास का?' माझ्या विद्यार्थ्यांना मी आजही हेच विचारतो.

आता दिवसभराचं. स्वतःच्या प्रश्नासाठी सकाळ मिळाली तर मिळाली. दुपारी पीएचडीची मुलं. कुणाची सिद्धता महिनोन्‌महिने अडलेली असते, कुणाला वाटतं आपल्याला हे झेपणारच नाही. अशा पोराजवळ फळ्यापाशी उभं राहणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासायचे. नियतकालिकं निबंध पाठवतात, ओळ न्‌ ओळ पडताळायची, पैसे मिळत नाहीत, नावही छापत नाहीत. पण हे कुणी केलंच नाही तर चुकीच्या गोष्टी खऱ्या म्हणून पुढं जातील. शिफारसपत्रं असतात, एकेकाला अख्खी संध्याकाळ जाते, कारण त्यावर एखाद्या पोराची नोकरी ठरते.

बीएडला मी नावं ठेवत नाही. दत्तात्रेय कापरेकर देवळालीला शाळामास्तरच होते, आणि ६१७४ ही अजब संख्या जगाला त्यांनीच दाखवली: सगळे सारखे नसलेले चार आकडे घे, उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करत जा, शेवटी हीच येते. पण पोरीला आज शिकवायचं नाहीय, शिकायचंय. दाजींना पैशाची काळजी वाटणं रास्त आहे, म्हणून सांगतो: एमएस्सीनंतर नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप असते, घरभाडं वेगळं. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम नावाची प्रवेशपरीक्षा आहे. आणि उन्हाळ्यात एमटीटीएस म्हणून गणिताचं चार आठवड्यांचं शिबिर असतं, १९९३ पासून चालू आहे. तिथं पाठांतर चालत नाही, पोरांना प्रश्न विचारून विचार करायला लावतात. तिला तिथं एकदा जाऊ दे. आवडलं नाही तर बँकेच्या परीक्षा कुठं पळून जात नाहीत.

तिला सांग, दर रविवारी तिच्या सवडीनं मी फोनवर बसेन. वही-पेन्सिल घेऊन यायचं, आणि चारच्या लॅटिन चौरसांची ती ऊस-खताची जोडी आधी स्वतः मांडून आणायची. वर्गातली आणखी कुणी पोरं येणार असतील तर त्यांनाही बसवून घे म्हणावं.

दाजींना नमस्कार. आईला म्हणावं, गुडघ्याचं औषध चुकवू नको.

तुझा धाकटा भाऊ