वहीचं डिझाइन आणि आपला गट

वडगाव, बेळगाव

चि. अश्विनी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली डिझाइन्स बघितली. फुलांच्या डायरीची वेल फार सुरेख जमली आहे. मी काम करते त्या प्रेसमध्येही दाखवली, सगळ्यांनी कौतुक केलं. पण तसली डायरी पुण्यात कुठल्याही दुकानात मिळते, आणि तुला धंदा इथे येऊन करायचा आहे. फोनवर बोलताना अर्धं राहून जातं, म्हणून लिहिते.

आधी डिझाइनच्या क्लासचं. एवढी फी भरू नकोस. इंकस्केप आणि स्क्रायबस ही डिझाइनची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि ती तू शिकतेच आहेस. छापखान्याचं काम बघून बघून शिकणाऱ्यांची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. गणपत कृष्णाजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता शिकले, शाईसुद्धा त्यांनी स्वतः तयार केली, आणि मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. मला त्यातली पंचांगाची गोष्ट मोठी वाटते. शिकलेली विद्या त्यांनी घरोघरी लागणाऱ्या वस्तूला लावली. तूही तसंच करावंस असं मला मनापासून वाटतं.

अशी एक वस्तू माझ्या डोळ्यासमोर आहे. आपल्या बायकांच्या बचत गटाची हिशेबाची वही. कर्नाटकात स्त्री शक्ती योजना २००० साली आली, तेव्हापासून गल्लोगल्ली गट झाले, पण वही मात्र अजून दुकानातून आणलेली व्यापाऱ्यांची खतावणीच. जमा आणि नावे, बस्स. आमची खजिनदार दर महिन्याला पट्टी घेऊन रेघा मारत बसते. बचत, कर्जाचा हप्ता, व्याज, दंड, सगळं दोन रकान्यांत कोंबायचं. सहीची जागा इतकी अरुंद की एकीच्या अंगठ्याची शाई दुसरीच्या नावावर जाते. आणि बँकेत गेलं की तिथले साहेब कन्नड वाचणारे, आमचे मथळे मराठीत, मग प्रत्येक रकाना तोंडाने समजावून सांगायचा. खानापूर, निपाणीकडच्या गटांचंही हेच रडगाणं. दोन्ही भाषांत मथळे असलेली, अंगठ्याला पुरेशी जागा असलेली वही तू काढलीस तर तिला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही.

आता कॉम्प्युटरवर बसण्याआधी एक कर. पुढच्या वेळी येशील तेव्हा आमच्या मीटिंगला येऊन बस आणि बायका लिहितात कशा ते बघ. वय झालेल्या बायकांचं अक्षर मोठं असतं, सात मिलिमीटरची ओळ त्यांना पुरत नाही. नऊ-दहाची ठेव. अंगठ्याचा चौकोन वेगळा, निदान अडीच सेंटिमीटर. तेवढ्याने पानावर नावं कमी बसतील, बसू देत. एका महिन्याला समोरासमोरची दोन पानं दे.

मराठी आणि कन्नड शेजारी ठेवताना डोळ्यांवर भरवसा ठेव, नुसत्या पॉइंटच्या आकड्यावर नको. आपल्या अक्षरांना शिरोरेघ आहे, कन्नडला ती नाही, त्यामुळे एकाच मापात लावलेल्या दोन ओळींतली एक मोठी दिसते. शिवाय कन्नड जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली उतरतं, तिथे ओळ घट्ट केलीस की ते रेघेला चिकटतं. मथळ्याला बलू हा फाँट आणि कन्नडसाठी त्याच घराण्यातलं बलू तम्मा घे, रकान्यांना नोटोचे दोन फाँट चालतील. सगळे फुकट आणि धंद्याला वापरायची मोकळीक असलेले. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का तेवढं बघ, काही फाँटमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय येत नाहीत. कन्नड मजकूर मात्र पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड शाळेच्या टीचरकडून तपासून घेतल्याशिवाय छापायला देऊ नकोस.

प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत, करून दे. बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट आहेत, तुझी फाइल तिथे उघडली की भलतंच काहीतरी दिसतं. मजकूर नुसत्या काळ्या शाईत ठेव. चार रंगांतून काळा केलास आणि कागद मशिनवर केसभर सरकला तर बारीक मात्रांना रंगीत सावली पडते. मोबाइलवर झळाळणारा भगवा छापल्यावर तसा येत नाही, म्हणून कव्हरचा रंग छापील नमुना बघूनच ठरव.

बायंडिंगमध्ये माझे हात गेलेत, तेव्हा हे नीट ऐक. मध्ये पिना मारलेल्या वहीची पानं चारच्या पटीत लागतात, आणि वही जाड झाली की मधली पानं बाहेर सरकतात, कटिंगला तीच जास्त कापली जातात. सहीचा रकाना कडेलाच आहे, मधल्या पानांवर तोच कमी होईल. तिथे समास जास्त सोड. आणि कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बघून घे. पानाचा तुकडा उभा आणि आडवा दुमडून बघितलास की कळतं, धाग्याच्या दिशेने घडी सरळ बसते, आडव्या दिशेने ती फुटते. धागा शिवणीला समांतर हवा, नाहीतर वही उघडून ठेवली की आपोआप मिटते, आणि एका हाताने वही दाबून दुसऱ्या हाताने नोटा मोजायच्या हे मीटिंगमध्ये जमत नाही. वहीचं माप प्रेसमध्ये चालू असलेल्या कागदाच्या मापाला धरूनच काढ, नाहीतर निम्मा पैसा कातरणात जाईल.

पहिल्या थोड्या प्रती डिजिटलवर काढू. ऑफसेटच्या प्लेटचा खर्च तेवढ्याला परवडणार नाही. गट वापरून बघतील, चुका सांगतील, मग मोठी छपाई.

कराचंही बघून ठेव. महाराष्ट्रातल्या चंदगडची माणसं बाजाराला इथेच येतात, ती इथून वही घेऊन जातील. पण माल तू तिकडे पाठवलास की तो दुसऱ्या राज्यात गेला, आणि करपात्र मालाला उलाढाल थोडी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. शाळेच्या वह्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, हिशेबाची रजिस्टरं त्यात धरत नाहीत. सीएंना एकदा विचारूनच घे.

फुलांची डायरी टाकून देऊ नकोस. ती वेल वहीच्या कव्हरवर एका रंगात छान दिसेल. खजिनदारणीकडून जुनी वही मागून घेतली आहे, तिच्या पानांचे फोटो तुझे बाबा रात्री पाठवतील. त्यावरून रकाने आखून पाठव, मी प्रेसमध्ये प्रिंट काढून गटात दाखवते. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई