टेबलावर बसलेल्या फौजीचं आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "पलटण सोडलीस आणि टेबलावर जाऊन बसलास." बाजूला माणसं होती, म्हणून गप्प राहिलो. आई, तुला मी एलओसीवरून खाली उतरलो एवढंच पुरेसं आहे, तेव्हा हे पत्र मुख्यतः बाबांना.

कामठीचा मिलिटरी लॉचा कोर्स संपला. (तिथल्या उन्हाबद्दल नागपूरच्या मावशीला विचारा.) आता मी जॅगमध्ये, म्हणजे फौजेच्या कायदा विभागात. जनरल कोर्ट मार्शलला, म्हणजे फौजेतल्या मोठ्या खटल्याला, किमान पाच अधिकारी न्यायाला बसतात. जज अ‍ॅडव्होकेट त्यांना कायदा सांगतो, पण मत त्याला नसतं. मतं घेतात ती सगळ्यात कनिष्ठापासून, वरिष्ठाचं ऐकून धाकट्यानं मान डोलावू नये म्हणून. हा नियम करणाऱ्यानं पलटण जवळून पाहिली असणार.

माझं खरं लक्ष असतं समरी कोर्ट मार्शलच्या, म्हणजे पलटणीतच झटपट चालणाऱ्या खटल्याच्या, कागदांवर. तिथे सीओ, म्हणजे पलटणीचा प्रमुख, एकटाच कोर्ट. एक वर्षापर्यंत कैद आणि वर बडतर्फी, दोन्ही त्याच्या हातात. जॅग तिथे नसतो, कागद मागाहून आमच्याकडे तपासायला येतात. 'आरोपीला गुन्हा कबूल' असं दिसलं की मी आधी शोधतो, कबुलीचा परिणाम त्याला समजावल्याची नोंद आहे का, त्याची सही आहे का. मी कंपनी सांभाळलीय, बाबा. टोपी-पट्टा काढून सीओसमोर उभा केलेला पोरगा कशालाही "जी साब" म्हणतो. हे मला कायद्याच्या पुस्तकानं नाही शिकवलं.

रणजित ठाकूर नावाच्या जवानाला १९८५ मध्ये, जेवायचा हुकूम मोडला म्हणून, वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी झाली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्यानं वर तक्रार केली होती, तोच न्यायाला बसला होता! १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळं रद्द केलं. असं काही माझ्या टेबलावरून निसटू नये, एवढ्यासाठी इथे बसलोय.

गावातल्या त्या बडतर्फ झालेल्या पोराचं विचारलंत. त्याची फाईल मला मागवता येणार नाही, ओळखीनं तर नाहीच. पण बडतर्फीविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणात अपील होतं, मुंबईला खंडपीठ आहे. मुदत असते, म्हणून खटल्याच्या कागदांची प्रत आधी मागायला सांगा, आणि वकील फौजेचा कायदा जाणणाराच बघा म्हणावं.

आई, गणपतीत सुट्टीचा अर्ज टाकलाय. मिळेलच असं नाही, मोदकांचं सारण आधीच करून ठेवू नकोस.

तुमचा,
बाळू