जिन्याखालच्या शौचालयाचं काम नकाशाप्रमाणे न केल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मंजूर नकाशा बदलून केलेलं काम विनाखर्च दुरुस्त करून मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या कोल्हापूरच्या शोरूममधून आम्ही जिन्याखाली शौचालय बसवून देण्याचं पॅकेज घेतलं. पाहणी, नकाशा, सामान, फोडाफोड, प्लंबिंग, टाइल्स असं सगळं धरून १ लाख १८ हजार रुपये झाले आणि ते तुमच्याकडे पूर्ण जमा आहेत. काम उरकलंय, पण ज्यांच्यासाठी करून घेतलं त्यांना ते वापरता येत नाही. शोरूममध्ये येऊन सांगून झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून झाले. "सवय होईल मॅडम," याखेरीज उत्तर नाही. म्हणून आता लेखी कळवत आहे.

आमचं घर मंगळवार पेठेत, जुनं, दगडी भिंतींचं. खाली सोपा म्हणजे पुढची खोली, मधघर आणि स्वयंपाकघर, संडास-बाथरूम माडीवर. पूर्वी संडास घरामागच्या परड्यात होता. भावकीच्या वाटणीत परडं गेलं, त्याबरोबर संडासही गेला. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे कामातून गेलेत आणि जिना जुन्या घरांत असतो तसा खडा. खाली सोय करायची तर जिन्याखालच्या जागेशिवाय जागाच नाही. लांबी साडेचार फूट, रुंदी दोन फूट दहा इंच. उंची एका टोकाला साडेसहा फूट, दुसऱ्या टोकाला तीन फूट चार इंच. ही मापं तुमच्या माणसाने घेतली, मीही माझ्या टेपने घेतली, दोन्ही जुळतात. मापाबद्दल तक्रार नाही.

तुमच्या नकाशात कमोड बुटक्या टोकाला होता, तोंड उंच टोकाकडे. ते बरोबरच होतं. माणूस बसलेला असताना त्याला उंची कमी लागते आणि उठताना तो पुढे झुकून उठतो, म्हणजे डोकं उंच बाजूला जातं. सासूबाई चार फूट दहा इंच. त्यांना तिथे पुरेशी जागा होती. घरातली बाकीची उंच माणसं माडीवर जातील, हेही तेव्हाच बोलणं झालं होतं. त्या नकाशावर आमची सही आहे, तुमच्या माणसाची आहे. प्रत सोबत जोडली आहे.

प्रत्यक्षात कमोड बसवलाय उंच टोकाला आणि तोंड केलंय बुटक्या टोकाकडे. आम्हाला न विचारता. त्या दिवशी मी दुकानात होते, घरी फक्त सासूबाई. संध्याकाळी येऊन बघते तर सिमेंटही वाळलेलं. आता होतं असं, की सासूबाई बसतात ठीक, पण उठायला पुढे वाकल्या की डोकं थेट जिन्याच्या तळाला. पहिल्याच दिवशी आतून आवाज आला, "अगं, डोसकं आपटलं की गं!" आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्यांनी स्वतःला तिरकं करून, एक हात टाकीवर टेकून उठायची युक्ती काढली आहे. याला तुमचा माणूस सवय म्हणतो.

मी शिवणकाम करते, त्यामुळे एक सांगायचा हक्क मला आहे असं वाटतं. ब्लाउजचं माप उभ्या बाईचं घेतात, पण शिवताना ती हात वर करून फळीवरचा डबा काढणार आहे हे धरून शिवतात. तुम्ही जागा मापली. त्या जागेत माणूस बसणार कसा, उठणार कसा, हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊक होतं, काम करणाऱ्याने ते पुसून टाकलं.

नकाशा का बदलला, असं विचारल्यावर "उतार मिळत नव्हता" असं सांगण्यात आलं. हे पटत नाही. चेंबर बोळात, उंच टोकाच्या भिंतीपलीकडे आहे. बुटक्या टोकापासून चार इंची पाइप फरशीखालून तिथवर न्यायचा म्हटलं तर अंतर साडेचार फुटांच्या आसपास. फुटाला पाव इंच उतार धरतात हे तुमचेच प्लंबर सांगतात. म्हणजे सगळा मिळून लागतो इंच-सव्वा इंच. चेंबरचा तळ सोप्याच्या फरशीपासून दोन फूट खाली आहे. उतार भरपूर होता, फक्त तेवढी फरशी फोडावी लागली असती. ती फोडण्याचे पैसे बिलात लावलेले आहेत, तिसरी ओळ बघा.

दुसरी गोष्ट तीन इंचांची. तुम्ही दिलेला कमोड नऊ इंची एस-ट्रॅपचा आहे, म्हणजे खाली फरशीत जाणाऱ्या मैल्याच्या पाइपचा मध्य मागच्या भिंतीपासून नऊ इंचांवर हवा. मिस्त्रींनी भोक पाडलं बारा इंचांवर. त्यामुळे सबंध कमोड तीन इंच पुढे आला आणि टाकीमागे फट राहिली. साडेचार फुटांच्या खोलीत तीन इंच वाया! त्या फटीवर ग्रॅनाइटची पट्टी बसवून मिस्त्री मला म्हणाले, "वहिनी, फिनेलची बाटली ठेवायला झालं." बाटली ठेवली आहे. सोबतच्या फोटोत ती दिसेल.

कमोड हलला म्हणून दारही हललं. नकाशात ते उंच बाजूला आणि बाहेर उघडणारं होतं. आता जिन्याच्या उताराखाली आलंय, वरची कड जिन्याबरोबर तिरकी कापली आहे, आणि ते आत उघडून कमोडच्या पुढ्यात येतं. धडधाकट माणसाला इथे वाकून, अंग चोरून शिरावं लागतं. त्याहून काळजी वेगळीच आहे. म्हातारं माणूस आत पडलं तर ते दारावरच पडणार, मग बाहेरून दार ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं हवं, हा आमचा हट्ट यासाठीच होता.

धरायची दांडी दगडी भिंतीत बसवायची होती. ती बसवली सोप्याकडच्या सिमेंट बोर्डच्या पार्टिशनला, प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून. मी अंगाचा भार देऊन बघितला तर एक स्क्रू गिट्टीसकट बाहेर आला. अशा दांडीपेक्षा दांडी नसलेली बरी, निदान कुणी तिच्यावर विसंबणार नाही.

फरशीचा उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे नाही, दाराकडे आहे. धुवायचा जेट वापरला की पाणी सोप्यात. एक्झॉस्ट फॅनही बोळाऐवजी सोप्यात तोंड करून बसवलाय, त्यावर अधिक लिहीत नाही.

माझी मागणी साधी आहे. सही झालेल्या नकाशाप्रमाणे काम करून द्या: कमोड बुटक्या टोकाला, पाइपचं अंतर कमोडला जुळणारं, दार उंच बाजूला आणि बाहेर उघडणारं, दांडी दगडात, फरशीचा उतार ट्रॅपकडे, पंखा बोळाकडे. फोडाफोड आणि नव्या टाइल्सचा खर्च तुमचा. नुसती दांडी घट्ट करून आणि दाराच्या बिजागऱ्या बदलून हा विषय मिटणार नाही, त्यासाठी माणूस पाठवू नये. तोवर सासूबाई कमोडची खुर्ची वापरत आहेत. तिची पावतीही जोडली आहे, ती रक्कम परत मिळावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काम कधी सुरू करणार ते लेखी कळवा. न कळवल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात पूर्ण रक्कम परत मागेन. तुमचं मुख्य कार्यालय बाहेरगावी आहे, पण या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

पाहणीला येणाऱ्या माणसाने नकाशाची मूळ प्रत सोबत आणावी आणि एकदा स्वतः त्या कमोडवर बसून उठून दाखवावं.

कळावे,

आपली ग्राहक
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत: बिल, सही केलेला नकाशा, फोटो, खुर्चीची पावती