येईन तेव्हा लावून देईन

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, तुम्ही विचारलेलं लक्षात आहे: 'लढाईचा एखादा खराखुरा सिनेमा सांग, नाचगाणी नकोत.' तर एलेम क्लिमोव्हचा 'कम अँड सी' बघा. १९८५ चा, सोव्हिएत. पण रणगाडे आणि जोशाचे संवाद हवे असतील तर तुमचा पार हिरमोड होईल.

काळ १९४३ चा, जर्मनांच्या ताब्यातला बेलारूस. फ्ल्योरा नावाचा पोरगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि रानातल्या गनिमी तुकडीत जायला निघतो. त्याची आई त्याच्या हातात कुऱ्हाड देते. जायचंच तर आधी आम्हाला मार, म्हणते. शेजारी दोन जुळ्या बहिणी. आई, तू इथेच उठून जाशील.

पुढे तो घरी परततो तर घरात कुणीच नाही. चुलीतलं सूप अजून कोमट. तो खायला बसतो. जमिनीवर बहिणींच्या बाहुल्या, आणि घरभर माश्या घोंघावतायत. निघताना सोबतची मुलगी मागे वळून बघते. भिंतीआड प्रेतांचा ढीग. क्षणभरच दिसतो, आणि पोरगा तर बघतही नाही. माझ्या पोटात तिथे जो गोळा आला तो पुढे जर्मन एक गाव जाळतात तिथेही आला नाही.

ती जाळपोळही रचलेली वाटत नाही. बेलारूसमधल्या खातिन गावात २२ मार्च १९४३ ला खरोखरच १४९ माणसं मारली गेली, त्यातली ७५ मुलं. बहुतेकांना कोठारात कोंडून आग लावली होती. सहलेखक आलेस आदामोविच स्वतः मिसरूड फुटायच्या वयात गनिमांत होता. क्लिमोव्ह लहानपणी आईबरोबर स्टालिनग्राडमधून व्होल्गापार निसटलेला. 'कम अँड सी'नंतर त्याने एकही सिनेमा केला नाही, २००३ ला गेला तोवर.

चित्रीकरणात खऱ्या गोळ्याही झाडल्या म्हणतात. हे मला नाही पटलं. खरेपणा दाखवायला पोराचा जीव कशाला टांगायचा? फ्ल्योरा झालेल्या त्या अलेक्सेई क्राव्चेन्कोचा चेहराच पुरेसा होता. शेवटी तो पोरगा म्हातारा दिसतो.

बाबा, रात्री लावू नका, तुमची झोप आधीच सावध. मी दिवाळीत येतेय, तेव्हा दुपारी बघू. आई, तू तोवर शेजारी जाऊन ये.

तुमची,
मनू