अणुभट्टीचे भाग बनवणाऱ्यांचे पैसे वेळेवर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या अणुभट्ट्यांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. संशोधनासाठी २०,००० कोटींची तरतूद, २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच भट्ट्या, २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज, पहिल्या भट्टीचा मान तारापूरला, हे सगळं त्यात आलं. पण या भट्ट्यांचे सुटे भाग कोणत्या शेडमध्ये, कोणाच्या हातून तयार होणार, याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. माझा अंबरनाथला छोटा मशीन शॉप आहे, म्हणून ही ओळ मी शोधत होतो.

२०१७ साली एका मोठ्या खासगी कंपनीमार्फत आम्हाला अणुऊर्जेच्या कामातली डेव्हलपमेंट ऑर्डर, म्हणजे नवा भाग पहिल्यांदा बनवून बघायचं काम, मिळालं. स्टेनलेस स्टीलचे २४ बुश, म्हणजे पोकळ नळकांडी, आतल्या व्यासाला दहा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची मुभा. आमचे लेथ चालवणारे टर्नर अण्णा जॉब, म्हणजे तयार भाग, उतरवल्यावर लगेच कधी मापत नसत. रात्रभर तो टेबलावर थंड होऊ द्यायचा आणि सकाळी, शेडचे पत्रे तापायच्या आत, माप घ्यायचं. पहिल्या खेपेचे नऊ नग रिजेक्ट झाले. डाय पेनिट्रंट टेस्टमध्ये, म्हणजे रंगीत द्रव लावून भेगा शोधायच्या चाचणीत, कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली होती. अण्णांनी टूलचा कोन बदलला, फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, कमी केला, नऊच्या नऊ नग नव्याने केले आणि ते पास झाले. त्या दिवशी आम्ही शेडमध्ये पेढे वाटले.

बिल निघालं चौदा महिन्यांनी. लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर जाणार, हे माझ्यासारख्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मी मागितलं नाही. तरीही पुढची ऑर्डर गेलीच. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारा, ठरला तो दुसराच, ज्याने हे काम कधी केलेलं नव्हतं. वर्षभरात अण्णा तळोज्याच्या एका कारखान्यात गेले. पगार वेळेवर होत नव्हते, त्यांना कोणत्या तोंडाने थांबवणार? टूलचा तो कोन त्यांच्याबरोबर गेला.

संशोधनाला पैसा द्यायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या फास्ट ब्रीडरचं, म्हणजे वापरते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या अणुभट्टीचं, काम २००४ मध्ये सुरू झालं, ती २०१० मध्ये पूर्ण व्हायची होती आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. पहिल्यांदाच घडणाऱ्या यंत्रांना वेळ लागतो, हे मला मान्य आहे. लेथवर मी ते रोज बघतो. म्हणूनच एकदा चुकून शिकलेला माणूस दुसऱ्या खेपेला त्याच कामावर टिकला पाहिजे. २०,००० कोटींपैकी किती पैसे प्रत्यक्ष भाग बनवणाऱ्यांपर्यंत आणि किती दिवसांत पोहोचले, हे सरकारने दर तिमाहीला जाहीर करावं. जे भाग एकदा पास झाले, त्यांची पुढची ऑर्डर निव्वळ कमी दरावर दुसऱ्याला देऊ नये. आपल्या वार्ताहरांनी मंत्र्यांना पुढच्या वेळी हेच विचारावं, ही विनंती.

आणखी एक. लेखासोबत वाफ सोडणाऱ्या अवाढव्य कूलिंग टॉवरचा फोटो आहे आणि खाली 'तारापूर' असं छापलं आहे. तारापूरला असे टॉवर नाहीत, तिथे थंड करायला समुद्राचं पाणी घेतात. १९६९ पासून चालू असलेलं केंद्र मुंबईपासून दोन-अडीच तासांवर आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक लघुउद्योजक, अंबरनाथ