व्यासपौर्णिमेच्या सामुदायिक जपाविषयी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आषाढ पौर्णिमेस पहाटे सहा वाजता नेहमीच्या सभागृहात महर्षी व्यासांना वंदन करणाऱ्या पुढील श्लोकाचा १०८ वेळा सामुदायिक जप होईल.

व्यासं वसिष्ठनप्तारं शक्तेः पौत्रमकल्मषम् ।
पराशरात्मजं वन्दे शुकतातं तपोनिधिम् ॥

वसिष्ठ, शक्ती, पराशर, व्यास आणि शुक अशा पाच पिढ्यांची ज्ञानपरंपरा या दोन ओळींत एकत्र आली असल्याने, ज्ञानप्राप्तीच्या संकल्पासाठी हाच श्लोक निवडला आहे. गेल्या काही बैठकांत ‘वसिष्ठनप्तारं’ हे पद मध्येच तोडून म्हटले जात असल्याचे जाणवले. ते एका दमात म्हणावे आणि श्वास पहिल्या ओळीच्या शेवटीच घ्यावा, म्हणजे सर्वांचा सूर आपोआप जुळतो. माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्याने मणी ओढावा, तर्जनीचा स्पर्श टाळावा व मेरुमणी (माळेच्या जोडावरचा मुख्य मणी) ओलांडू नये. घाई न करताही अर्ध्या तासाच्या आत जप पूर्ण होतो, त्यामुळे वेग वाढविण्याचे कारण नाही.

ज्यांना मांडी घालून बसणे जमत नाही, त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या आहेत. भ्रमणध्वनी बंद ठेवावेत. जपानंतर पुस्तकपूजन व तीर्थप्रसाद होईल.

– कार्यवाह