शेंडेनक्षत्र बघायला ये

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला धूमकेतूचा हिरवागार फोटो पाहिला. तसलं काही दिसेल म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. कॅमेरा काही मिनिटांचा उजेड साठवतो, आपल्या डोळ्यांना ते जमत नाही. पण खरंच बघायचं असेल तर या रविवारपर्यंत ये. पुढच्या आठवड्यात चंद्र वाढत जाईल, मग अवघड आहे.

परवा पाडव्याला फटाक्यांच्या धुरातून निसटून माळावर गेलो. लेमन, म्हणजे तुझ्या फोटोतला धूमकेतू, मावळतीला, जरा उत्तरेकडे होता. स्वाती क्षितिजाला टेकायला आलेली आणि हा तिच्या वर, उजव्या अंगाला. वीतभरही उंच नाही. दहा-पन्नासच्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, पन्नास मिलिमीटर भिंगाच्या) दुर्बिणीतून आधी फक्त कापसाचं बोंड दिसलं. मग नजर मुद्दाम बाजूच्या ताऱ्यावर ठेवली, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात शेपूट उमटलं, बारीक आणि वर गेलेलं. थेट बघितलं की गायब! डोळ्याच्या कडेलाच अंधारात जास्त दिसतं, ही युक्ती आजमावून बघ. हिरवा रंग मात्र मला दिसला नाही. धूमकेतूच्या डोक्यातल्या वायूत कार्बनच्या दोन अणूंचे रेणू असतात, ते उन्हात हिरवे चमकतात. शेपटीत पोचेपर्यंत ते तुटतात, म्हणून तुझ्या फोटोतही शेपूट हिरवं नाही.

जानेवारीत ॲरिझोनातल्या माउंट लेमनवरून तो सापडला, तेव्हा अगदीच फिका होता. मागची फेरी साधारण साडेतेराशे वर्षांपूर्वीची. ग्रहांच्या ओढीने कक्षा जरा आवळली आहे, तरी परत यायला साडेअकराशे वर्षं लागतील. मंगळवारी, लक्ष्मीपूजनाला, तो आपल्यापासून सुमारे नऊ कोटी किलोमीटरवर होता. म्हणजे सगळं गाव वर बघायचं सोडून भुईचक्रात गुंग असताना!

सध्या आकाशात असलेला दुसरा धूमकेतू म्हणजे स्वान. त्याची गोष्ट मला जास्त आवडली. युक्रेनच्या व्लादिमीर बेझुग्ली या हौशी निरीक्षकाने सप्टेंबरात तो शोधला, तोही सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या चित्रांत, घरबसल्या. सोमवारी तो चार कोटी किलोमीटरच्या आत येऊन गेला. जवळ असूनही लेमनपेक्षा फिका. श्रवण ताऱ्याच्या बराच खाली शोधावा लागतो, आणि मला जे दिसलं तो स्वानच होता हे मी शपथेवर सांगणार नाही.

सत्त्याण्णवला हेल-बॉप धूमकेतू तुमच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, आठवतं? तसला पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक. चिमणीला मात्र घेऊन ये. तिची नजर आपल्यापेक्षा तेज आहे, शेपूट किती लांब ते तीच सांगेल.

साडेसहाच्या आत माळावर पोचायला हवं, सव्वासातनंतर लेमन खालच्या धुरळ्यात जातो. त्यामुळे जेवायला थांबून निघू नका, इथे पिठलं-भाकरी आहेच. कारखान्याच्या दिव्यांमुळे नेहमीची जागा बाद झाली आहे; ओढ्यापलीकडे जाऊ.

वहिनींना नमस्कार. आणि माझा ट्रायपॉड मे महिन्यापासून तुझ्याकडे पडून आहे, तो गाडीत टाकायला विसरू नकोस.

तुझा,
विश्वास